दाराआडचं वल्हं

सासू : अगं, दोरा केवढा आवळतेस! तांदळाला पानात फुगायला जागा नको? पुडा बांधतेयस की कुणाचा गळा दाबतेयस?

ल्वान : सैल राहिला तर उकळताना सुटतो, आत्याबाई.

सासू : चौदा वर्षं बांधतेयस या घरात, एक सुटला नाही तुझा. आजच कुठं लक्ष आहे? बरं, आता हे आठ पांढऱ्या दोऱ्यानं बांध.

ल्वान : पांढऱ्या?

सासू : मग हुइच्या घरी काय तांबड्या दोऱ्यानं द्यायचे? तिच्या नवऱ्याला, देशानला, जाऊन महिना झाला. आणि बलक दोन-दोन घाल. एकच घातला की देशान भर गल्लीत ओरडायचा, ‘कंजूषकाकूंचे पुडे आले’ म्हणून, मेला... अगबाई! काय बोलून गेले मी. जीभ झडो माझी.

ल्वान : आत्याबाई, आज तुम्हीच जा ना तिच्याकडे.

सासू : मी? हे गुडघे बघ माझे. आणि रीत काय आहे? शोकाच्या घरात तीन वर्षं ही पानं उकळत नाहीत. पंचमीचे पुडे शेजाऱ्यांनी नेऊन द्यायचे. पहिला पुडा भिंतीला लागून असलेल्या घराचा, तोही त्या घरच्या सुनेनं स्वतःच्या हातानं दोरा सोडून ठेवायचा. तो ठेवल्याशिवाय गेलेल्या माणसापुढं दुसऱ्या कुणाचा ठेवत नाहीत. हे तुला मी आज शिकवू?

ल्वान : माझं डोकं दुखतंय.

सासू : काल पोट दुखत होतं.

ल्वान : ह्यांना पाठवा.

सासू : पाओशनला? बाप्यामाणसानं पुडे घेऊन जायचे? गाव हसेल. ऐक, सगळ्यांच्या दाराला वेखंड नि दवणा लागून झाला, पुलापलीकडची म्हातारी काठी टेकत जाऊन पुडे देऊन आली. आपली भिंत तिच्या भिंतीला लागून, आणि आपण अजून दोरेच आवळतोय. दुपारच्या आत जायला हवेत.

ल्वान : जाईन.

सासू : काय झालंय गं तुमच्यात?

ल्वान : कुठं काय?

सासू : महिनाभर बघतेय मी. डोळे अधू झालेत, गेले नाहीत. दारातला घाट सोडून तू धुणं घेऊन पुलापर्यंत जातेस. ती अंगणात आली की तू आत. भांडलात का?

ल्वान : नाही.

सासू : भांडला असतात तर बरं होतं. भांडण मिटतं तरी. जिनं चौदा वर्षं तुझे जोडे शिवले, तिच्या नवऱ्याच्या शवपेटीपुढं तू मान वर केली नाहीस. मला वाटलं, दुःख झालंय. दुःख असं पाठ फिरवून नाही बसत, ल्वान.

ल्वान : पानं संपली. आणखी भिजवू का?

सासू : पानं पुरेत. जीभ भिजव जरा. आणि हे काय, वर्षाचा सण, आणि तोंड कसं केलंयस! यंदा कोश बघितलेस आपले? कसे गारगोटीसारखे टणक. परवा माझी बहीण म्हणाली, अशा कोशांचं रेशीम मी उभ्या जन्मात—

ल्वान : कोशांचं बोलू नका, आत्याबाई.

सासू : का?

ल्वान : नका बोलू. हात जोडते.

सासू : काय केलंयस तू?

ल्वान : हा पुडा बांधून होऊ दे.

सासू : पुडा खाली ठेव. ठेव आधी. बोल.

ल्वान : रेशमाची बाळं कात टाकायच्या मोठ्या झोपेत शिरली ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी. दुपारी. दार वाजलं होतं. तुम्ही आतून विचारलंत, कोण गं म्हणून.

सासू : हो. मेंढी धडकली म्हणालीस.

ल्वान : मेंढी नव्हती.

सासू : मग?

ल्वान : हुइताई होती.

सासू : त्या दिवशी? म्हणजे देशान...

ल्वान : त्याच दिवशी. भावोजींच्या पोटात पीळ पडत होता, ओकून ओकून डोळे फिरले होते. पेठेतल्या वैद्याकडं न्यायचं होतं. होडी आपली घाटाला बांधलेली होती, ती काय, कुणीही सोडली असती. वल्हं आत होतं. दाराआड. ‘ल्वान, वल्हं दे गं,’ म्हणत होती. ‘मी आत येत नाही, नुसतं वल्हं दे.’

सासू : आणि तू?

ल्वान : दाराचा आडणा धरून उभी राहिले. दोन्ही हातांनी.

सासू : अगं माझे आई!

ल्वान : दाराला तांबडा कागद लावला होता ना. तुम्हीच लावला होतात. महिनाभर सरकारी माणूससुद्धा वाजवत नाही असं दार. आणि ती ओकाऱ्यांच्या घरातून आलेली, हात तसेच असणार. माझ्या मागं सगळी बाळं माना वर करून झोपलेली. एक वारा लागला असता तर—

सासू : तर काय? अळ्या मेल्या असत्या. अळ्या!

ल्वान : आज अळ्या म्हणता. तेव्हा बाळं म्हणत होता. गेल्या वर्षी माझा भाऊ आला, चार कोस चालून. मी बोटभर दार उघडून त्याला पाणी दिलं. चार दिवसांनी बाळं पांढरी पडली, काडीसारखी ताठ झाली. मग काय म्हणालात तुम्ही?

सासू : रागाच्या भरात बोलले असेन एखादं.

ल्वान : रोज, आत्याबाई. वर्षभर. भात वाढताना. ‘घ्या, भावाला पाणी पाजून राहिलेला भात.’ पाहुण्यांसमोर. ह्यांच्यासमोर. मी कधी उलट बोलले? पण त्या दुपारी ती दार वाजवत होती ना, तेव्हा मला तुमचाच आवाज ऐकू येत होता.

सासू : म्हणजे माझ्यावर घालतेस?

ल्वान : नाही. आडणा माझ्या हातात होता. रागवा. मारा हवं तर.

सासू : मला का नाही हाक मारलीस?

ल्वान : तुम्ही उघडू दिलं असतंत?

सासू : नसतं उघडू दिलं. खोटं कशाला बोलू? पण मागची खिडकी आहे ना गं! थेट पाण्यावर. तिच्यातून वल्हं सरकन खाली होडीत सोडलं असतं. दार उघडायला नको, कुणाचा वारा लागायला नको. माझ्या सासूनं दिवस भरलेल्या बाईसाठी सुईणीला तसंच वल्हं दिलं होतं. दार बंद ठेवा म्हटलं होतं मी. माणसं बंद करा नव्हतं म्हटलं.

ल्वान : खिडकी...

सासू : सुचली नाही?

ल्वान : नाही सुचली. देवाशपथ नाही सुचली. खिडकी! आत्याबाई, मी त्या खिडकीखाली रोज भात शिजवते.

सासू : रडू नकोस. रडायचं असेल तर तिथं जाऊन रड.

ल्वान : सांगू का तिला?

सासू : मला नको विचारूस. सांगितलंस तर तुझं ओझं तिच्या डोक्यावर जाईल. नाही सांगितलंस तर हे पुडे घशाखाली जाण्यासारखे नाहीत, तिच्याही आणि माझ्याही. एवढं मात्र बघ. टोपली भरून नेतेयस. भरली टोपली कुणी रिकामी परत देत नाही. शोकाच्या घरातूनसुद्धा चिमूटभर तांदूळ टाकून देतात. रिकामी आली, तर समज संपलं. मग ही भिंत नुसती भिंत.

ल्वान : आणि तसं झालं तर?

सासू : तर झालं. ऊठ. तोंड धू. नाही, नको धुऊस. तशीच जा.

(दुपारच्या आत. शेजारचं घर. दाराला वेखंड नाही, कोनाड्यात देशानच्या नावाची लाकडी पट्टी आणि तिच्यापुढं रिकामी बशी.)

हुइन्यांग : ये. उंबरा सांभाळ, सैल झालाय.

ल्वान : हुइताई, पुडे आणलेत.

हुइन्यांग : दिसतंय. ठेव तिथं. बाकीच्यांच्या शेजारी.

ल्वान : एवढे?

हुइन्यांग : अकरा घरचे आहेत. सकाळपासून ठेवलेत. त्याच्यापुढं एकही ठेवला नाही अजून. सगळ्यांना सांगितलं, लागून घरचा यायचाय.

ल्वान : मला उशीर झाला.

हुइन्यांग : हो.

ल्वान : आत्याबाईंचे गुडघे...

हुइन्यांग : काकूंचे गुडघे माहीत आहेत मला. बस. पुडा तूच सोडायचास. कापायचा नसतो, माहीत आहे ना? दोरा अख्खा निघाला पाहिजे.

ल्वान : माहीत आहे.

हुइन्यांग : आत काय घातलंय?

ल्वान : खारवलेल्या अंड्याचा बलक. दोन-दोन.

हुइन्यांग : दोन! कंजूषकाकूंनी?

ल्वान : त्यांनीच सांगितलं.

हुइन्यांग : त्याला ऐकवायला हवं होतं. जिवंतपणी हावरटासारखा मागायचा, मेल्यावर मिळाले. काय झालं?

ल्वान : गाठ सुटत नाहीये.

हुइन्यांग : किती आवळलंयस.

ल्वान : सुटेल. नख लागत नाहीये नीट.

हुइन्यांग : सावकाश सोड. मला कुठं जायचंय? बाळांची सुपं सगळी रिकामीच आहेत.

ल्वान : तुझी बाळं...

हुइन्यांग : चार दिवसांत गेली. तुतीची पानं कोण तोडणार होतं? आत पेटी, बाहेर सुपं. बाळांच्या महिन्यात मोठ्यानं रडायचंही नसतं, शेजारच्या घरातली झोपलेली असतात. बाही तोंडात कोंबून बसले होते. तुला ऐकू आलं का काही?

ल्वान : नाही.

हुइन्यांग : मग बरं कोंबलं होतं. तुमचे कोश छान झाले म्हणे.

ल्वान : हो.

हुइन्यांग : चांगलं झालं. कुणाचे तरी व्हायला हवे होते.

ल्वान : असं नको बोलूस गं ताई.

हुइन्यांग : कसं बोलू? तू सोड गाठ.

ल्वान : त्या दुपारी तू आमच्याकडे आली होतीस.

हुइन्यांग : हो.

ल्वान : घरात कुणी नव्हतं असं वाटलं असेल तुला. सगळे तुतीच्या मळ्यात असतील असं.

हुइन्यांग : असं म्हणायला आलीस?

ल्वान : नाही. नाही! असं म्हणायला नाही आले. तोंडातून निघालं. महिनाभर तेच घोळवत होते ना, निघालं. ताई, मी होते. मी दाराआड होते. तू तीनदा हाक मारलीस, चारदा दार वाजवलंस. ‘आत येत नाही, नुसतं वल्हं दे,’ म्हणालीस. वल्हं माझ्या खांद्याला लागून उभं होतं. हात लांब केला असता तरी... मी आत्याबाईंना सांगितलं, मेंढी आहे.

हुइन्यांग : मेंढी?

ल्वान : हो.

हुइन्यांग : मेंढी म्हणालीस मला?

ल्वान : मला वाटलं, आत्ता जाईल, दुसरीकडून वल्हं मिळेल. पुलाजवळ मिळेल. मला वाटलं पोटदुखीच आहे. नाही, तसंही वाटलं नव्हतं. तुझा आवाज ऐकून कळलं होतं मला. सगळं कळलं होतं. मला बाळांची भीती वाटली. आत्याबाईंच्या बोलण्याची भीती वाटली. बस्. याच्यापेक्षा मोठं काही कारण नाही माझ्याकडे. रात्रंदिवस शोधलं, नाही सापडलं.

हुइन्यांग : सुटली का गाठ?

ल्वान : ताई!

हुइन्यांग : मला माहीत होतं, ल्वान.

ल्वान : काय?

हुइन्यांग : तुमच्या दाराखाली बोटभर फट आहे. धावून दम लागला होता मला, मी उंबऱ्याशी बसले. तिथनं तुझे जोडे दिसत होते. हिरव्या काठाचे. मीच शिवलेले, नववर्षाला.

ल्वान : आणि तू काही बोलली नाहीस?

हुइन्यांग : जोडे हलले असते तर बोलले असते. मग उठले आणि पुलाकडं धावले. बदकवाल्याची होडी आली, पण सावकाश. त्याची बदकं आधी उतरवायची होती. त्यानं हाकलली बिचाऱ्यानं, निम्मी अजून सापडली नाहीत त्याची. एक शब्द बोलला नाही.

ल्वान : वैद्य काय म्हणाला?

हुइन्यांग : कशाबद्दल?

ल्वान : वेळेबद्दल. लवकर आणलं असतं तर... काय म्हणाला तो?

हुइन्यांग : ते मी तुला सांगणार नाही.

ल्वान : सांग. काय असेल ते सांग. मी ऐकून घेईन.

हुइन्यांग : नाही. वाचला असता म्हणाला असेल, तर तू जगायची नाहीस. वाचलाच नसता म्हणाला असेल, तर तू आजच्या आज मोकळी होऊन नाचत घरी जाशील. मला दोन्ही बघवायचं नाही. माझ्यापाशी राहू दे ते.

ल्वान : मग शिव्या दे मला. एक थोबाडीत दे.

हुइन्यांग : द्यायच्या होत्या. महिनाभर भिंतीकडं तोंड करून देत होते. पलीकडं तू भांडी घासायचीस, मी इकडून द्यायची. पण मधेच एक भलतंच मनात यायचं. तू माझं दार वाजवलं असतंस तर? माझ्याही घरात बाळं मोठ्या झोपेतच होती. तांबडा कागद मीही लावला होता.

ल्वान : तू उघडलं असतंस, ताई.

हुइन्यांग : कशावरून?

ल्वान : मला माहीत आहे.

हुइन्यांग : मला माहीत नाही. तीच तर आग आहे. नीट रागावताही येत नाही मला तुझ्यावर. ते सुखही तू ठेवलं नाहीस.

ल्वान : मागची खिडकी होती. आत्याबाई आज म्हणाल्या. खिडकीतून देता आलं असतं. दार उघडायची गरजच नव्हती.

हुइन्यांग : खिडकी?

ल्वान : हो.

हुइन्यांग : मलाही नाही सुचली. मीही दारच वाजवत बसले.

ल्वान : सुटली.

हुइन्यांग : काय?

ल्वान : गाठ. सुटली.

हुइन्यांग : दोरा तुटला नाही ना?

ल्वान : नाही. अख्खा आहे.

हुइन्यांग : पानं उलगड. हळू, भात चिकटेल. आता ठेव त्याच्यापुढं.

ल्वान : मी ठेवू? हे सगळं ऐकल्यावरही?

हुइन्यांग : लागून घरच्या सुनेनंच ठेवायचा. दुसरं लागून घर कुठून आणू मी? ठेव. सकाळपासून उपाशी बसलाय तो, अकरा घरचे पुडे समोर असून.

ल्वान : भावोजी, पुडा ठेवलाय. दोन बलकांचा. माझ्याकडनं... माझ्याकडनं घ्या, भावोजी.

हुइन्यांग : पुरे. माथा टेकून रडायची जागा नाही ती, नामपट्टी पडेल. ऊठ.

ल्वान : जाते मी.

हुइन्यांग : टोपली.

ल्वान : हो. टोपली.

हुइन्यांग : थांब. तांदूळ कुठं ठेवलेत बघू दे.

ल्वान : नको ताई. राहू दे. रिकामी दिलीस तरी मी कुणाला काही सांगणार नाही.

हुइन्यांग : डब्यात हात घातला, पण मूठ भरवत नाही गं. आजच्या दिवशी नाही भरवत. आणि रिकामीही देववत नाही. चौदा वर्षांत कधी दिली नाही.

ल्वान : मग?

हुइन्यांग : टोपली राहू दे इथंच.

*

सासू : किती वेळ! भात निवून दगड झाला. काय झालं? सांगितलंस?

ल्वान : तिला आधीच माहीत होतं.

सासू : माहीत होतं? आणि पुडा?

ल्वान : ठेवू दिला.

सासू : बरं झालं. बरं झालं गं बाई. आणि टोपली? टोपली कुठाय? रिकामी नाही ना दिली तिनं?

ल्वान : दिलीच नाही. ठेवून घेतली.

सासू : ठेवून घेतली म्हणजे? भरून देणार की नाही देणार?

ल्वान : ते तिला माहीत नाही अजून.

सासू : हे कसलं उत्तर? अशी रीत ऐकली नव्हती मी. बरं... बस, दोन घास खा. आणि आज मी वाढते, तू बस. ल्वान, ऐकतेयस ना? गेल्या वर्षीचं ते, भावाच्या पाण्याचं... पुढच्या वेळी आला तर त्याला आत बोलव. महिना कुठलाही असो. अगं, कुठं चाललीस? वल्हं कशाला काढतेस?

ल्वान : घाटावर ठेवते. होडीपाशी.

सासू : आता? आज कुणाला कुठं जायचंय?

ल्वान : कुणालाच नाही. आजपासून ते तिथंच राहील.

सासू : उघड्यावर? चोरीला जाईल की गं!

ल्वान : जाऊ दे, आत्याबाई. गेलं तर कुणाला तरी लागलं असेल.